पानगळीचे रंग बघायला घाटात कधी यायचं, सप्टेंबरला का फाल्गुनात?

यंदा परत दोघातिघांनी विचारलंय, दिवाळीच्या सुट्टीत कन्नडच्या घाटात पानांचे रंग बघायला येऊ का म्हणून. खरं सांगतो, दिवाळीत येऊ नका. शाळेत आपल्याला ऑटम म्हणजे शरद असं पाठ करून घेतलं, आणि थंड देशातले लाल-पिवळे फोटो असतात ऑक्टोबरचे, त्यामुळं सगळ्यांना वाटतं आपल्याकडंही तेव्हाच. पण मराठवाड्यात शरदात पान गळत नाही, पान गळतं शिशिरात, माघ-फाल्गुनात. तिकडं थंड देशांत दिवस लहान झाला, रात्री गार पडल्या की झाड हिरवा रंग मोडून आत ओढून घेतं आणि खालचा पिवळा वर येतो. आपल्याकडं मुख्य कारण थंडी नाही, पाणी आहे. जमिनीतली ओल संपत आली की झाड पानं टाकतं, कारण पानातून पाणी उडतं. दिवाळीत ओल असतीच की अजून, मग गळंल कसं?

म्हणून खरी निवड दोनच वेळांत आहे. एक सप्टेंबरचा दुसरा-तिसरा आठवडा ते ऑक्टोबर लागेपर्यंत, दुसरी फेब्रुवारीचा शेवट ते मार्चचा मध्य.

सप्टेंबरचं लवकर सांगून टाकतो कारण त्यात रंग एकच, हिरवा, पण तो लई दाट असतो. संभाजीनगरहून म्हैसमाळ चाळीसेक किलोमीटर, वर हजार मीटरच्या पुढं उंची, गिरिजादेवीच्या देवळापासून खाली बघितलं तर ढग पायाखालून जातात. वेरूळला 29 नंबरच्या लेणीजवळचा धबधबा चालू असतो, कन्नडजवळच्या गौताळ्याच्या जंगलात तेरडा आणि कळलावी फुललेली असते. हवा गार, लेकरंबाळं आणि म्हातारी माणसं घेऊन जायला हीच वेळ बरी. अडचण आहे ती घाटाची. 31 ऑगस्ट 2021 ला कन्नड घाटात दरड कोसळून रस्ता बंद पडला होता, हे इकडचे लोक विसरलेले नाहीत. आदल्या रात्री धो धो झाला असेल तर सकाळी घाट उतरायचा नाही, म्हैसमाळवर समाधान मानायचं. आणि रविवारी म्हैसमाळला गाड्यांची रांग लागती, शक्यतो मधल्या वारी जा.

आता फाल्गुन. शहरापासून कन्नड साठेक किलोमीटर, तिथून पुढं औट्रम घाट, म्हणजे हाच कन्नडचा घाट, चाळीसगावकडं उतरतो आणि बाजूला गौताळा औट्रमघाट अभयारण्य, अडीचशे चौरस किलोमीटरच्या वर, 1986 ला जाहीर झालेलं. हे कोरडं पानगळीचं जंगल आहे, इथं सगळी झाडं एका दिवशी रंग बदलत नाहीत, एकामागं एक बदलतात आणि तीच गंमत आहे. आधी सलई आणि मोई उघडी पडती, नुसत्या पांढुरक्या फांद्या. धावडा जानेवारी-फेब्रुवारीत तांबूस होतो, खऱ्या अर्थानं वाळत्या पानाचा लालसर रंग बघायचा तर तो धावड्यावर. सागाची पानं तपकिरी होऊन गळतात, एवढाली मोठी, गाडी बंद करून उभं राहिलं की टप्प टप्प आवाज येतो आणि माणूस चालत येतोय असं वाटतं. आणि सगळं असं करडं झाल्यावर फेब्रुवारी संपता संपता पळस पेटतो. पळसाला पानं तीन म्हणतात पण फुलताना बहुतेक झाडांवर एकही नसतं, नुसता केशरी. आजूबाजूला हिरवं काही नाही म्हणूनच तो एवढा दिसतो, हाच पळस पावसाळ्यात फुलला असता तर कुणी मान वळवून बघितलं नसतं. माझ्या मते आपल्याकडचा सगळ्यात मोठा रंगाचा सोहळा हाच, आणि आपलीच माणसं तो उन्हाळा लागला म्हणून घरात बसून घालवतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पळसानंतरही संपत नाही. पिंपळाला तांब्यासारखी कोवळी पालवी येती, कुसुंब असेल तिथं मार्चअखेरीस अख्खं झाड लालभडक, लांबून वाटतं फुलंच आली, पण ती नवी पानं असतात. म्हणजे तिकडं थंड देशांत पान मरताना लाल होतं, इकडं बरंचसं जन्मताना.

तारीख ठरवताना एक चूक सगळे करतात, होळीला जाऊ म्हणतात. होळी 2024 ला 24 मार्चला होती आणि 2025 ला 13 मार्चला, अधिक महिन्यामुळं ती मागंपुढं सरकती, पळस काही पंचांग बघून फुलत नाही. त्यापेक्षा परतीचा पाऊस कसा झाला ते बघा. सप्टेंबर-ऑक्टोबरला चांगला झाला असेल तर ओल टिकती, पानगळ लांबती, मग मार्चचा पहिला-दुसरा आठवडा धरा. पाऊस दगा देऊन गेला असेल तर फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यातच निघा. आणि निघायच्या आधी कन्नडला कुणी ओळखीचं असेल तर सरळ फोन लावून विचारा, बांधावरचा पळस फुलला का.

फाल्गुनातली अडचण म्हणजे ऊन. अकरा नंतर रंग फिके दिसतात आणि डोकं तापतं, म्हणून पहाटे साडेपाचला घर सोडायचं, सूर्य तिरपा असतानाच घाटात पोचायचं, दुपारी पितळखोऱ्याच्या लेण्यांकडं उतरायचं डोक्यात आणू नका, पायऱ्या चढताना जीव जातो. पाणी माणशी तीन लिटर. गवत वाळलेलं असतं, वणवा लागायला एक बिडीचं थोटूक पुरतं, वनखात्याचे लोक जाळरेषा, म्हणजे आग पुढं जाऊ नये म्हणून गवत काढलेले पट्टे, काढून ठेवतात पण आपण गाडीतून काही पेटतं फेकायचं नाही म्हणजे नाही.

काश्मीरचं पण विचारलं होतं. चिनार लाल होतो ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरचा मध्य, श्रीनगरची नसीम बाग तेव्हा बघण्यासारखी, पैसे आणि आठ दिवस असतील तर जरूर जा, पण ते आणि हे एकमेकांच्या आड येत नाही, महिने वेगळे आहेत.

नांदेड-परभणीकडच्यांनी कन्नडपर्यंत यायची गरज नाही, किनवट ते माहूर रस्ता धरा, सागाचं जंगल आणि पळस दोन्ही आहे, रेणुकामातेचं दर्शनही होतं. सप्टेंबरला गेलात तर पैनगंगेचा सहस्रकुंड धबधबा भरून वाहतो आणि साग पांढऱ्या तुऱ्यांनी फुललेला असतो, फक्त पाण्याच्या कडेला जाऊ नका. बीडवाल्यांना मांजरसुंब्याचा घाट आणि कपिलधार जवळ, पण ते पावसाळ्यातच.

एकच सुट्टी असेल आणि सोबत आई-वडील असतील तर सप्टेंबर, म्हैसमाळ. दोघं-चौघं धडधाकट असाल तर मार्चचा पहिला शनिवार, कन्नडलाच पेट्रोल आणि नाश्ता उरकून घ्या, घाटात वळणावर गाडी थांबवू नका, वर सपाटीला बांधाबांधानं पळस आहेत, तिथं बाजूला जागा बघून थांबा आणि झाडाखाली जरा वेळ बसा, साळुंक्या मध प्यायला येतात.