गोड-तिखट ग्लेझचा सॅमन: काही महिन्यांच्या वापरानंतर, आणि एक पॅन गेल्यानंतर

हे लिहायला बसले ते पॅनमुळे. सॅमनला ग्लेझ, म्हणजे वरून चकचकीत गोडसर लेप, कसा लावायचा याच्या कृती ढिगाने सापडतात आणि बहुतेकांना त्या तोंडपाठ असतात, म्हणून तो भाग सोडून देते. काही महिने हा मासा घरी नियमित केल्यावर जे कळतं, आणि कृतीत जे कुणी लिहीत नाही, तेवढंच सांगायचं आहे.

आधी पॅनचं. नॉनस्टिक, जाड बुडाचा, खोक्यावर चकचकीत ग्लेझ केलेल्या माशाचा फोटो. त्या फोटोवर बोट ठेवून सांगते, कारण सगळा वाद त्याच्यावरूनच झाला. काही महिन्यांत मधोमध काळपट डाग धरला, मग तिथला थर खरखरीत झाला आणि शेवटी पोपडे सुटायला लागले. वॉरंटी संपली नव्हती. कंपनीला फोटो पाठवले, तर उत्तर आलं की साखरेचे पदार्थ करपल्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. मी खोक्याचा फोटो पाठवला. त्यावर दुसऱ्या माणसाने पहिल्याचंच उत्तर परत पाठवलं. पॅन बदलून मिळाला नाही. माझं म्हणणं सरळ आहे: जो पदार्थ खोक्यावर छापता, तो केल्याने पॅन खराब झाला तर जबाबदारी तुमची. धातूचं उलथनं मी त्याला कधी लावलं नाही, रिकामा तापवला नाही. टेफ्लॉनसारखा थर 260 अंश सेल्सियसच्या वर बिघडायला लागतो हे मला माहीत आहे आणि मी त्याच्या आसपासही गेले नाही. थर गेला तो करपलेल्या साखरेने. ती त्याच्यावर चिकटून बसते, नुसत्या पाण्याने निघत नाही, आणि घासलं की साखरेबरोबर थरही थोडा थोडा जातो.

या भांडणातून एक गोष्ट मात्र बारकाईने बघायची सवय लागली. करपतं ते नक्की कुठे? आणि इथेच मला हा सगळा अनुभव लिहावासा वाटला, कारण उत्तर अगदी सोपं निघालं. माशावरचा ग्लेझ सहसा करपत नाही. करपतो तो माशाच्या बाजूला सांडलेला.

कारण असं. माशाच्या अंगात पाणी भरपूर. ते वर येत राहतं, तोवर पृष्ठभाग 100 अंशांच्या फार वर जाऊ शकत नाही. पॅन मात्र त्याच वेळी 200 अंशांवर असतो. दोन तुकड्यांमधल्या मोकळ्या जागेत ग्लेझचा ओघळ पडला की त्याला पाण्याचा आधार नाही, पातळ थर आहे, आणि खाली थेट तापलेला धातू. मधातलं फ्रुक्टोज, म्हणजे त्यातली एक साखर, 110 अंशांच्या आसपासच तांबूस व्हायला लागतं. साधी साखर त्यामानाने बरीच टिकते, साधारण 160 अंशांपर्यंत. म्हणजे मध घातलेला ओघळ बघता बघता काळा होतो, त्याचा कडवट धूर माशाला लागतो, आणि लोक म्हणतात ग्लेझ जळला.

एकदा हे लक्षात आलं की बाकीचं आपोआप ठरतं. ग्लेझ ओतायचा नाही, ब्रशने फक्त वरच्या बाजूला लावायचा. कडांपासून थोडं आत थांबायचं. तुकडे एकमेकांना जवळजवळ चिकटवून ठेवायचे, म्हणजे मधे सांडायला जागाच उरत नाही. आणि पॅनमध्ये ग्लेझ घालायचाच नाही. मी आता ओव्हनचा ट्रे वापरते, त्यावर तेल लावलेली ॲल्युमिनियम फॉइल. बेकिंग पेपर नको. बहुतेक पेपर 220 अंशांच्या आसपासपर्यंतच चालतात, आणि वरच्या ग्रिलच्या लाल तारेखाली त्यांच्या कडा पेट घेतात. कातडीसकट तुकडा असेल तर कातडी फॉइलला चिकटते आणि वरचा मासा उलथन्यावर अलगद येतो. अनेकांना ही चिकटलेली कातडी म्हणजे दोष वाटतो. मला तर ती सगळ्यात मोठी सोय वाटते, कारण ग्लेझच्या वाफेत कातडी कुरकुरीत राहणारच नसते. कुरकुरीत कातडी हवी असेल तर ग्लेझचा नाद सोडावा आणि लोखंडी किंवा स्टीलच्या पॅनमध्ये कातडी खाली ठेवून भाजावं. दोन्ही एका तुकड्यावर मागणं म्हणजे माशाची माती करणं आहे.

मधाबद्दल माझं मत वापरता वापरता बदललं. सुरुवातीला मला मधाशिवाय हा पदार्थ अपुरा वाटायचा. चकाकी सुंदर येते, चिकटतो चांगला. पण वर सांगितलेल्या फ्रुक्टोजमुळे ग्रिलखाली तो फार घाई करतो. आतला मासा व्हायच्या आत वर काळे ठिपके. आता मी मेपल सिरप (मेपल झाडाच्या रसाचा पाक) किंवा ब्राऊन शुगर वापरते. मेपल सिरपमधली साखर बहुतांश साधी साखरच असते, त्यामुळे ग्रिलखाली दोन-तीन मिनिटं निवांत मिळतात. मध अगदी टाकून दिलेला नाही. बाहेर काढल्यावर गरम माशावर थेंबभर फिरवला तर वास टिकतो, आणि तो वासच तर मधाचा खरा उपयोग.

तिखटाचंही असंच. चिली फ्लेक्स वरून भुरभुरवलेला सॅमन फोटोत छान दिसतो, पण ग्रिलखाली ते फ्लेक्स जळतात आणि घरभर खाट सुटते. ठसका लागल्यावर माशाची चव कोण बघतं? तिखट ग्लेझमध्ये उकळून घ्यावं. मिरचीला तिखटपणा देणारं कॅप्सेसिन पाण्यात नीट विरघळत नाही, तेलात विरघळतं, आणि सॅमनला चरबी भरपूर. त्यामुळे तिखटपणा जिभेला एकदम चटका न देता हळूहळू चढतो आणि बराच वेळ रेंगाळतो. सगळ्यांत जास्त टिकलेली निवड म्हणजे कोरियाचं गोचुजांग. मिरची, चिकट तांदूळ आणि आंबवलेलं सोयाबीन यांचं ते घट्ट वाटण आहे. अंगचाच चिकटपणा असल्याने ग्लेझ फार आटवावा लागत नाही आणि ओघळतही कमी. ‘श्रीराचा’ हा मिरचीचा सॉस पातळ असतो, त्यात व्हिनेगर असतं, तो खाली सांडतो. आणि सांडणं म्हणजे काय होतं, ते वर झालंच आहे.

माझं प्रमाण, साधारण 150 ग्रॅमच्या चार तुकड्यांसाठी: तीन मोठे चमचे मेपल सिरप, दोन मोठे चमचे सोया सॉस, एक मोठा चमचा गोचुजांग, किसलेला लसूण. लसूण चिरून घालू नये, तुकडे वर राहतात आणि काळे पडतात. हे छोट्या भांड्यात मंद आचेवर आटवायचं. पाकाचा अंदाज असलेल्यांना एवढं सांगणं पुरे की तार यायच्या बऱ्याच आधी गॅस बंद करायचा. पळीच्या पाठीवर बोट फिरवलं आणि रेघ राहिली की झालं. गरम असताना घट्ट दिसेपर्यंत आटवला तर गार झाल्यावर त्याचा डिंक होतो आणि ब्रश माशाचा वरचा पापुद्रा ओढून काढतो. व्हिनेगर किंवा लिंबू शेवटी, गॅस बंद केल्यावर. लिंबात मासा मुरवत ठेवू नये, आंबटाने वरचा थर पांढुरका आणि खडूसारखा कोरडा होतो.

आता ती पांढरी साय. मासा शिजताना फटींतून जे पांढरं, फाटलेल्या दुधासारखं बाहेर येतं, ते माशाचंच प्रथिन. खायला काहीच हरकत नसते. पण ग्लेझ लावणाऱ्यासाठी ती मोठी डोकेदुखी आहे, कारण ती वर येताना ग्लेझला ढकलून बाजूला करते आणि चकाकीला चिरा पडतात. बर्फातला, म्हणजे गोठवलेला मासा असेल तर जास्तच. यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे: लिटरभर गार पाण्यात 50 ग्रॅम मीठ, त्यात तुकडे पंधरा मिनिटं, मग कागदाने अगदी कोरडे टिपायचे. मिठाने वरच्या थरातली प्रथिनं सैल होतात आणि आक्रसताना तेवढा द्रव बाहेर फेकत नाहीत. साय पूर्ण जात नाही, पण निम्म्याहून कमी होते असं मला दिसलंय. फक्त मग सोया सॉस कमी खारट घ्यावा, नाहीतर सगळंच खारट होतं. साय फार येत असेल तर बहुतेक वेळा आचही जास्त असते, तेही बघावं.

बर्फातला मासा फ्रीजमध्ये रात्रभर ठेवून सोडवावा. आणि हवाबंद प्लॅस्टिकच्या पाकिटात असेल तर सोडवण्याआधी पाकीट फोडावं. हवा नसलेल्या जागेत बोटुलिनम नावाचा जीवाणू वाढू शकतो, आणि त्याचा एक प्रकार फ्रीजच्या गारव्यातही जगतो. पाकिटावर ही सूचना बारीक अक्षरात असते, कोणी वाचत नाही. वाचा.

थर्मामीटरबद्दल दोन शब्द. आधी मला ही चैन वाटायची. पण सॅमन हा काही स्वस्तातला मासा नाही, आणि कोरडा झालेला तुकडा परत ओला करता येत नाही. एका टोचणीत जे कळतं ते काट्याने मासा चार ठिकाणी उकरून कळत नाही. मी 180 अंशांच्या ओव्हनमध्ये ग्लेझशिवाय ठेवते आणि सगळ्यात जाड जागी 45 अंश झाले की बाहेर काढते. मग ग्लेझ, मग वरचं ग्रिल पूर्ण जोरात, दोन-तीन मिनिटं, दारासमोरून हलायचं नाही. ग्रिलखाली आतलं तापमान थोडं चढतंच, बाहेर आल्यावर आतली उष्णता ते आणखी दोन-तीन अंश चढवते आणि मासा 52 च्या आसपास थांबतो. पाळीव अटलांटिक सॅमनला हे नेमकं बसतं, कारण त्यात चरबी जास्त. रानटी सॉकाय सॅमन कमी चरबीचा, तो लवकर कोरडा पडतो. त्याला दोन-तीन अंश आधीच थांबवावं. अमेरिकेतली सरकारी शिफारस मात्र 63 अंशांची आहे. घरात गरोदर बाई, लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर तीच पाळावी, तिथे चवीचा हट्ट करू नये. तेवढ्या तापमानालाही ग्लेझमुळे मासा घशाखाली सहज उतरतो.

शेपटीकडचा पातळ भाग खाली दुमडून ठेवला तर जाडी सारखी होते. एवढंच पुरे, त्यावर वेगळी कसरत नको.

एक शेवटची गोष्ट, कारण ती मी फार जणांना चुकताना पाहते. ब्रश अर्धवट शिजलेल्या माशाला लागतो आणि परत भांड्यात जातो. तोच उरलेला ग्लेझ नंतर ताटात ओततात. असं करू नये. आटवल्या आटवल्या दोन-तीन चमचे वेगळ्या वाटीत काढून ठेवावेत आणि ताटात वाढायला तेच घ्यावेत. भांड्यात उरलेला वापरायचाच असेल तर चमचाभर पाणी घालून त्याला परत खळखळून उकळी आणावी.