गोव्याच्या दमट हवेत नाणी ठेवायची कशात? अल्बम, पुठ्ठ्याचे होल्डर की कॅप्सूल

संग्रह थोडा वाढला की अल्बम घ्यावा की कॅप्सूल, हा प्रश्न येतोच. सोलापुरात राहणाऱ्याला तो निवांतपणे सोडवता येईल. गोव्यात तशी सवड नाही. जून ते सप्टेंबर इथल्या हवेत इतका ओलावा असतो की कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावरही बुरशी येते, आणि किनाऱ्यालगत त्या ओलाव्यात मीठही मिसळलेलं असतं. म्हणून मला कुणी हा प्रश्न केला की मी आधी दोन गोष्टी विचारतो: नाणी कोणत्या धातूची, आणि घर किनाऱ्यावर मिरामार-कोलव्याकडे की आतल्या भागात फोंडा-साखळीकडे?

इथल्या संग्रहांत पोर्तुगीज काळातली नाणी हमखास असतात. लुईस राजाचा १८८१-८२ चा रुपया ९१.७ टक्के चांदीचा आहे. चांदी काळी पडते ती गंधकामुळे. हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडमुळे तिच्यावर सिल्व्हर सल्फाइडचा थर चढतो, आणि रबरबँड, लोकरीचं कापड, वर्तमानपत्राचा कागद जवळ असले की तो लवकर चढतो. पण एकसारखा काळसर झालेला जुना रुपया बिघडलेला नसतो, त्याला हात न लावणंच बरं. खरी काळजी तांब्याची आणि ब्राँझची. १९४७ च्या ब्राँझच्या एक तांगा नाण्यावर खाऱ्या हवेतलं क्लोराइड बसलं की फिकट हिरवी, भुरभुरीत पूड दिसू लागते. ही पूड पुसली तरी आतली प्रक्रिया थांबत नाही. ओलावा आणि हवा मिळत राहिली की ती धातू पोखरत जाते. याउलट १९५८-५९ मधले तांबं-निकेलचे एक, तीन आणि सहा एस्कुदो बरेच सोशिक.

आता अल्बम. पाहायला, पाहुण्यांना दाखवायला याच्यासारखी सोय नाही. पण बाजारात मिळणाऱ्या स्वस्त अल्बमांची मऊ, चकचकीत पानं बहुधा पीव्हीसीची असतात. पीव्हीसी मऊ ठेवण्यासाठी घातलेलं रसायन उष्णतेने पाझरतं आणि नाण्यावर हिरवट, चिकट थर येतो. पान नाकाजवळ धरा. नव्या रेक्झिनसारखा वास आला तर ते पान नको. पाकिटावर त्रिकोणातला आकडा असेल तर आणखी सोपं: ३ म्हणजे पीव्हीसी, १ म्हणजे पॉलिएस्टर, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. शेवटची दोन्ही चालतात. त्या पानांत तांबं-निकेलची आणि आजची चलनी नाणी बिनधास्त ठेवा. चांदी आणि ब्राँझ मात्र मी नुसत्या अल्बममध्ये ठेवणार नाही. पान वरून उघडं असतं, हवा आत-बाहेर खेळते, आणि पान उलटताना नाणं घासतं ते वेगळंच.

पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर, म्हणजे मध्ये पारदर्शक पॉलिएस्टरची खिडकी असलेले, हा मधला मार्ग. स्वस्त असतात, वरच्या पांढऱ्या जागेत साल आणि खरेदीची नोंद पेन्सिलीने लिहिता येते, नाणं दोन्ही बाजूंनी दिसतं. यांची अडचण स्टेपलच्या पिना. किनाऱ्याकडच्या घरात पावसाळा सरता सरता त्या पिना गंजू लागतात, तो गंज पुठ्ठ्यात उतरतो, आणि पिनेचं उघडं टोक शेजारच्या होल्डरची खिडकी फाडून नाण्यावर ओरखडा काढतं. तेव्हा स्वतःला चिकटणारे, बिनपिनेचे होल्डर मागा. पिनेचेच मिळाले तर पकडीने टोकं सपाट दाबा. पुठ्ठा आम्लमुक्त आहे का, हेही विचारा.

अ‍ॅक्रिलिकच्या कॅप्सूल, म्हणजे एकेका नाण्यासाठीच्या बंद पारदर्शक डब्या, महाग. एका कॅप्सूलच्या पैशात कितीतरी होल्डर येतात. पण हात लागत नाही, घासणं नाही, हवा फार कमी शिरते. चांदीच्या रुपयासाठी आणि ज्या नाण्यावर तुमचा खरा जीव आहे त्यासाठी खर्च करावा तो इथे. आकार अंदाजाने घेऊ नका. कॅलिपरने व्यास मोजा आणि नेमक्या मापाची घ्या. एकच मोठी कॅप्सूल घेऊन आत फोमची चकती घालण्याची सोय असते, पण हलक्या प्रतीचा फोम काही वर्षांत विघटित होऊन नाण्याच्या कडेला वर्तुळाचा डाग ठेवतो. तीस-चाळीस ब्राँझची नाणी असतील तर सगळ्यांना कॅप्सूल परवडणार नाही. तिथे बिनपिनेचा होल्डर घ्या आणि उरलेले पैसे बाहेरच्या डब्यात घाला.

इथल्या हवेत त्या डब्याचं महत्त्व होल्डरपेक्षा जास्त, आणि नेमकं तिकडेच दुर्लक्ष होतं. लाकडी पेटी दिसते सुंदर, पण लाकूड, आणि त्याहून जास्त प्लायवूड व एमडीएफ, सेंद्रिय आम्लांची वाफ सोडतात. तुमच्याकडे शिशाचे जुने बझारूको, म्हणजे पोर्तुगीज काळातली किरकोळ किमतीची नाणी, असतील तर लाकडी पेटी साफ नाकारा, कारण शिसं या वाफेने पांढरं पडून झडतं. स्टीलचं कपाट चोरीपुरतं ठीक, ओलाव्यापुरतं नाही. त्यातही ते पावसाच्या माऱ्याच्या भिंतीला टेकलेलं असेल तर कप्प्याची मागची बाजू हाताला गार आणि ओलसर लागते. आणि त्याच कप्प्यात साड्यांसाठी डांबराच्या गोळ्या असतात, त्यांच्यापासून नाणी लांबच हवीत.

माझी पसंती चारी बाजूंनी कड्या लागणाऱ्या, रबरी कडा असलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्या घट्ट डब्याला. रबर डब्याच्या कडेलाच असतं, नाण्याला टेकत नाही. आत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर. काटा चाळीस टक्क्यांच्या आसपास राहिला की ब्राँझला निश्चिंती. पन्नासच्या वर गेला की पुड्या बदला. रंग बदलणारं जेल घेणार असाल तर निळ्यापेक्षा केशरी घ्या, निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि घरात मुलं असली तर ते नको. ओलं झालेलं जेल पुडीतून काढून ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास तापवलं की पुन्हा कामाला येतं.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला संग्रहातली चांदीची नाणी काढू नका, एवढी कळकळीची विनंती. पंचामृत आणि कुंकू अक्षरांच्या खाचांत बसतं, मग ते काढायला कुणीतरी चिंच, सोलं किंवा बिंबल घेऊन बसतं आणि नाण्याचा मूळ पृष्ठभाग कायमचा जातो. पूजेसाठी सराफाकडचं नवं नाणं वेगळं ठेवा. पीव्हीसीचा चिकटा मात्र काढावाच लागतो. त्यासाठी शुद्ध अ‍ॅसिटोन, काचेच्या वाटीत, खिडकी उघडी आणि शेगडी-समईपासून दूर. नाणं बुडवा, काढा, वाळू द्या, चोळू नका. नेलपॉलिश रिमूव्हर चालणार नाही, त्यात इतर पदार्थ असतात.

राहता राहिला बँकेचा लॉकर. चोरीची भीती असेल तर जरूर घ्या, पण नियम नीट समजून घ्या: रिझर्व्ह बँकेच्या २०२२ पासूनच्या नियमांनुसार आग, चोरी किंवा बँक कर्मचाऱ्याच्या फसवणुकीत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंतच आहे, आणि नैसर्गिक आपत्तीत, बँकेचा हलगर्जीपणा नसेल तर, तीही नाही. आतल्या वस्तूंचा विमा बँक काढत नाही. तळघरातले काही लॉकर घरातल्या कपाटाहून दमट असतात, म्हणून तिथेही नाणी त्याच घट्ट डब्यातून ठेवा. प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंचे फोटो आणि वजनाची यादी घरी ठेवा. मे महिन्यात, पाऊस सुरू होण्याआधी, एकदा लॉकरवर जाऊन जेल बदला. मग थेट दसऱ्यानंतर डबा उघडलात तरी चालेल.