दोन हजारांत वायरचे इअरफोन: चू २, झीरो २ की वान-अर?

दोन हजारांच्या आसपास बजेट आहे, गाणी मन लावून ऐकायची आहेत आणि वायरची अडचण वाटत नाही, एवढं ठरलं असेल तर मूनड्रॉप चू २, सेव्हनहर्ट्झ झीरो २ आणि टँगझू वान-अर या तिघांपलीकडे फार शोधत बसू नका. किमती दीड ते अडीच हजारांच्या मध्ये वर-खाली होत असतात. तिघांतही १० मिलिमीटरचा एकच डायनॅमिक ड्रायव्हर, म्हणजे पडदा हलवून आवाज काढणारा छोटा स्पीकर, आहे, वायर कानावरून मागे वळते आणि खराब झाली तर काढून दुसरी लावता येते. कागदावर इतके सारखे असूनही कानात ते अगदी वेगळे वाटतात. तुमच्यासाठी कोणता, हे आवाजाइतकंच तुमच्या कानाच्या मापावर ठरतं.

वान-अर २०२२ मध्ये आला. त्याच वर्षी पहिला चू आणि पहिला झीरोही आले, आणि वीस-पंचवीस डॉलरच्या इअरफोनकडून किती अपेक्षा ठेवायची याचं गणितच बदललं. चू २ आणि झीरो २ या २०२३ च्या सुधारित आवृत्त्या.

आवाजाबद्दल एक गोष्ट समजून घेतली की पुढची निवड सोपी जाते. कानाची नळी साधारण अडीच सेंटीमीटर लांब असते आणि तिच्यामुळे ३ किलोहर्ट्झच्या आसपासचा आवाज आपोआप उठून येतो. इअरफोनने नळीचं तोंड बंद झालं की हा उठाव बिघडतो, म्हणून बनवणाऱ्याला तो ट्यूनिंगमध्ये, म्हणजे कोणती पट्टी किती जोरात वाजेल हे ठरवताना, परत घालावा लागतो. कमी घातला तर गायक पडद्याआडून गातोय असं वाटतं. जास्त घातला तर ‘स’ आणि ‘च’ कानाला टोचतात. हार्मन कंपनीच्या संशोधकांनी अनेक श्रोत्यांना वेगवेगळी ट्यूनिंग ऐकवून बहुतेकांना आवडेल असा एक वक्र काढला. झीरो २ आणि चू २ दोन्ही त्याच्या आसपास आहेत, पण आपापल्या वाटेने.

झीरो २ चं ट्यूनिंग सिंगापूरच्या क्रिनॅकल या समीक्षकासोबत केलेलं आहे. पहिल्या झीरोत बास, म्हणजे खर्जाचा आवाज, जरा कोरडा होता, इथे तो भरला आहे. तबल्याच्या डग्ग्यावर मनगट दाबून घेतलेली मींड ऐका: नुसता धप्प आवाज येत नाही, स्वर खाली घसरत गेलेला कळतो. वरच्या पट्टीत तो मवाळ आहे, त्यामुळे तासभर ऐकूनही कान शिणत नाहीत. ढोलकी, सिनेसंगीत, इलेक्ट्रॉनिक बीट असं सगळं मिसळून ऐकणाऱ्याला मी डोळे झाकून हाच सुचवेन.

चू २ जास्त उजळ आहे. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारेच्या गुंजनावर तरंगणारे बारीक स्वर, यात सगळ्यांत मोकळे सुटतात. सतारीची चिकारी, व्हायोलिनचा गज, टाळांची किणकिण यात हवा खेळते. मात्र तार सप्तकातला स्त्रीस्वर जुन्या, आधीच कर्कश ध्वनिमुद्रणातून ऐकत असाल तर आवाज वाढवल्यावर चू २ बोचू शकतो. ज्यांचं बहुतेक ऐकणं साठ-सत्तरच्या दशकातल्या गाण्यांचं आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

तिथे वान-अर कामाला येतो. त्यात गायकाचा गळा पुढे आणि उबदार, वरचा भाग सौम्य. भावगीत, नाट्यसंगीत, पॉडकास्ट, बातम्या यांसाठी तो फार गोड वाटतो. वाद्यं एकमेकांपासून वेगळी काढण्यात तो बाकी दोघांच्या मागे आहे, आणि भरगच्च ऑर्केस्ट्रेशनमध्ये ते जाणवतं.

आता कानात बसण्याचं. माझ्या मते इथेच निम्मी खरेदी चुकते. चू २ चं कवच धातूचं आणि छोटं आहे. लहान कानांत ते नीट मावतं, पण थंडीत पहाटे घालताना गार लागतं. झीरो २ प्लास्टिकचा, वजनाला हलका, तरी आकाराने मोठा. ज्यांच्या कानाची खोलगट वाटी अरुंद आहे त्यांना तासाभराने कडेला दाब जाणवू शकतो. वान-अर या दोघांच्या मधला. चष्मा वापरत असाल तर आणखी एक बघा: कानावरून जाणारी वायर आणि चष्म्याची काडी एकाच खाचेत येतात. वायर आधी, चष्मा नंतर, असं घातलं की टोचणं बरंच कमी होतं.

कवचापेक्षाही मोठा फरक पुढच्या रबरी टिपने पडतो. टिप सैल बसली की बास आधी पळतो, आणि माणूस म्हणतो इअरफोनच पुचाट आहे. म्हणून नेहमीच्या मापापेक्षा एक मोठी टिप आधी लावून बघा. दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, इअरफोन हलके फिरवत आत सारायचा, मग कान सोडायचा. बाहेरचा पंख्याचा आवाज एकदम मंद झाला तर बसला. डाव्या-उजव्या कानाला वेगळं माप लागलं तरी त्यात काही वावगं नाही. घालताना बारीक ‘कर्र’ आवाज आला तर तो आत दाबल्या गेलेल्या हवेने इअरफोनमधला पडदा हलल्याचा असतो, घाबरू नका.

नीट बसलेली टिप कानाची राखणही करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने मोठ्या माणसाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंतच ऐकावा. लोकलच्या डब्यात टिप सैल असेल तर गाडीचा खडखडाट झाकायला आवाज वाढवावाच लागतो. रोज दोन-अडीच तासांचा प्रवास असणाऱ्यांनी फोमच्या टिपांवर थोडे पैसे जरूर घालावेत. फोम बाहेरचा आवाज अडवण्यात रबराहून सरस असतो, मात्र तो मळतो आणि काही महिन्यांत बदलावा लागतो.

कोकणात किंवा मुंबईच्या पावसाळ्यात चू २ चा एक छोटा फायदा उपयोगी पडतो: इअरफोनच्या नळीच्या तोंडावरची जाळी बदलता येते. घाम आणि मळाने जाळी बुजली की एका बाजूचा आवाज दबतो, आणि बरेच जण इअरफोन बिघडला समजून फेकून देतात.

बजेट हजाराच्या आत असेल तर केझेड ईडीएक्स प्रो किंवा जेबीएल सी१००एसआय. पहिल्यात बास आणि झणझणीतपणा दोन्ही जास्त, गळा मागे. दुसरा हलका, माइकसह, फोनवर बोलायला सोयीचा, पण वायर कायमची जोडलेली आहे. उलट, बजेट बरंच वाढवता येत असेल तर ट्रूथिअर झीरो रेडचं नाव ऐकू येईल. आवाज खरोखर वरच्या दर्जाचा, पण आत दोन ड्रायव्हर असल्याने कानात जाणारी नळी जाड आहे. कान लहान असतील तर मोहात पडू नका.

फोनला ३.५ मिलिमीटरचा जॅक नसेल तर टाइप-सी डाँगलचा, म्हणजे चार्जिंगच्या खाचेत इअरफोन जोडणाऱ्या छोट्या वायरचा, खर्च आधीच धरा. कॉल घ्यायचे असतील तर माइक असलेली आवृत्ती बघून मागवा, कारण साधी आणि माइकवाली अशा दोन्ही मिळतात. आणि पाकीट उघडण्याआधी परतीचा नियम वाचा. कानात घालायची वस्तू म्हणून बरेच विक्रेते वापरलेला इअरफोन परत घेत नाहीत. एखाद्या मित्राकडे यातला कुठलाही असेल तर आपल्या टिपा लावून अर्धा तास ऐका, मगच पैसे भरा.