आमच्या छोट्या चर्चमध्ये ओपनएलपी : वर्षभरानंतर

आमची मंडळी साठेक कुटुंबांची. रविवारच्या उपासनेला पेटी, तबला, टाळ. भजन रंगात आलं की धृपद दोनदा घ्यायचं की चारदा, ते पेटीवर बसलेले काका त्या क्षणी ठरवतात. आधी मी भजनाचे शब्द पडद्यावर दाखवायला साध्या स्लाइड बनवायचे. काका धृपदावर परतले की मी मागची स्लाइड शोधत बसायची, आणि तोवर मंडळी पुढच्या कडव्यावर पोचलेली असायची.

ओपनएलपी हे गीतांचे शब्द पडद्यावर दाखवणारं सॉफ्टवेअर उपासनेसाठीच बनवलेलं आहे. फुकट, मुक्त स्रोत, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. गीत भरताना धृपद एकदाच लिहायचं, कडवी वेगळी, आणि खाली क्रम द्यायचा: धृपद, पहिलं कडवं, पुन्हा धृपद. उपासनेच्या वेळी माझ्यासमोर सगळी कडवी एकाखाली एक दिसतात, पडद्यावर मात्र एकच. काका कुठेही वळले तरी त्या ओळीवर क्लिक केलं की झालं. माझ्यासाठी निर्णय इथेच झाला.

खरी मेहनत टायपिंगची. आमची जुनी भजनं युनिकोड (म्हणजे मराठी कुठल्याही संगणकावर तशीच दिसेल अशी पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये होती. एका नाताळला दुसऱ्याच्या लॅपटॉपवर फाइल उघडली, तर रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या भजनाच्या जागी कंस आणि इंग्रजी अक्षरं! पाळकसाहेबांनी पुस्तकातून एकेक ओळ वाचून सांगितली आणि मंडळी मागून म्हणाली. म्हणून सांगते, सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, आधी सगळं युनिकोडमध्ये आणा. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी हे फॉन्ट फुकट मिळतात. एका पडद्यावर चारच ओळी ठेवा. मागच्या बाकावरच्या आजींना पाचवी ओळ जड जाते.

शनिवारी रात्री मी गीतं, वचनं, मंडळीच्या सूचना क्रमाने लावून फाइल जतन करते. लॅपटॉप आणि फोन एकाच वायफायवर असले तर फोनच्या ब्राउझरमधूनही पडदा बदलता येतो, त्यामुळे मला मंडळीत बसून गाता येतं. प्रार्थनेच्या वेळी एका बटणाने पडदा काळा होतो.

पवित्र शास्त्र (बायबल) मात्र ओपनएलपीत आपल्याला आयात करावं लागतं. ज्या भाषांतराचे हक्क कुणाकडे आहेत, त्यांची परवानगी आधी घ्या. आणि रविवारी दोन-तीनच गीतं होत असतील, तर एवढा खटाटोप कशाला? स्लाइड बनवायला लिब्रेऑफिसचं इम्प्रेस पुरे.

मागच्या महिन्यात शेजारच्या गावच्या मंडळीने विचारलं. मी आमची १४० भजनं एक्स्पोर्ट करून पेनड्राइव्हवर दिली. त्यांच्याकडे ती चहा होईपर्यंत भरली गेली, क्रमासकट. आता त्यांच्याकडची, आमच्या पुस्तकात नसलेली भजनं ते टाइप करताहेत. ती आली की आमच्यात भरायची.