बर्गमार्क की बॉब्रोव्ह? फुटबॉल आणि बँडी दोन्ही गाजवणाऱ्यांपैकी एक निवडताना

उन्हाळ्यात फुटबॉल, हिवाळ्यात बर्फावर बँडी (स्केट घालून, वाकड्या काठीने चेंडू मारत खेळायचा खेळ), आणि दोन्हींत अव्वल. अशा खेळाडूवर वीस-पंचवीस मिनिटं बोलायचं असेल, तर फिरून फिरून दोन नावं समोर येतात: सोव्हिएत संघाचा व्सेव्होलोद बॉब्रोव्ह आणि स्वीडनचा ऑर्वर बर्गमार्क. आमच्या वाचनकट्ट्यासाठी मी दोघंही करून पाहिले, म्हणून हे अनुभवाचे बोल.

नाट्य हवं असेल तर बॉब्रोव्हला तोड नाही. १९४५ च्या नोव्हेंबरात डायनॅमो मॉस्को हा फुटबॉल क्लब ब्रिटनच्या दौऱ्यावर गेला. बॉब्रोव्ह मूळचा लष्करी क्लबाचा, डायनॅमोत पाहुणा. तरी धुक्यात बुडालेल्या मैदानावर आर्सेनलला ४-३ ने हरवताना त्याचे गोल होतेच. १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये, टाम्पेरे शहरात, युगोस्लाव्हियाविरुद्ध १-५ अशी पिछाडी असताना कर्णधार म्हणून तीन गोल करून त्याने सामना ५-५ वर आणला. (फेरसामना हरले, हे सांगायला लोक विसरतात.) चार वर्षांनी कोर्तिनातल्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये तोच आइस हॉकीच्या सुवर्णविजेत्या संघाचा कर्णधार. गोष्ट सांगणाऱ्याला आणखी काय हवं?

आणि इथेच माझं घोडं अडलं. रशियात १९४० च्या दशकाच्या मध्यापर्यंत नुसतं ‘हॉकी’ म्हटलं की बँडीच समजायचे. आइस हॉकीची राष्ट्रीय स्पर्धा तिथे १९४६ च्या डिसेंबरात सुरू झाली आणि बँडीचीच पोरं चेंडू सोडून आइस हॉकीच्या चकतीमागे धावू लागली. बॉब्रोव्हही त्यातलाच. त्यामुळे त्याच्याबद्दल वाचताना दर दोन ओळींनी थांबायचं: ही हॉकी कुठली? मी वहीच्या समासात पेन्सिलीने ‘चेंडू?’, ‘चकती?’ लिहीत बसलो होतो. दोन रविवार त्यातच गेले. त्यात आपली हॉकी तिसरीच. कार्यक्रमात मी पंधरा मिनिटं घसा कोरडा केल्यावर पहिल्या रांगेतल्या काकांनी विचारलं, “म्हणजे आपल्या ध्यानचंदसारखाच की हो?” माझ्याकडे सरळ उत्तर नव्हतं.

शिवाय सोव्हिएत बँडी संघ परदेशी संघांशी खेळू लागला तो १९५४ मध्ये. तोवर बॉब्रोव्ह पुरता आइस हॉकीचा झाला होता. म्हणजे बँडी हे त्याच्या गोष्टीतलं माजघर. दिवाणखान्यात ती येतच नाही.

बर्गमार्कचं तसं नाही. ओरेब्रो गावातला एकच क्लब, बर्फ वितळलं की फुटबॉल, गोठलं की बँडी. दोन्ही खेळांत तो स्वीडनकडून खेळला, आणि तिथे बँडीला बँडीच म्हणतात. फुटबॉलमध्ये उजवा बचावपटू, ९४ आंतरराष्ट्रीय सामने. १९५८ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ब्राझीलकडून २-५ ने हरलेल्या संघातही तो होता. त्या दिवशी गारिंचाने धुलाई केली ती दुसऱ्या बाजूची. बर्गमार्कच्या बाजूला झागालो होता, आणि गोल त्यानेही केलाच. पुढे एक हंगाम इटलीच्या रोमा क्लबात, आणि १९७० च्या विश्वचषकात राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक. तिथे उरुग्वेला हरवूनही स्वीडन गोलफरकाने घरी परतलं.

आता मान्य करतो, बचावपटूची गोष्ट रंगवणं अवघड. बर्गमार्कच्या दिवशी टाळ्या जरा कमीच पडल्या. पण ‘ही कुठली हॉकी’ असं कुणी विचारलं नाही. उलट एका मुलीने विचारलं, की अकरा जण, दोन अर्ध, ऑफसाइड हे सगळं सारखंच, तर फुटबॉलवाल्याला बर्फावर नवं काय शिकावं लागत असेल? मला हवी होती ती चर्चा तिथून सुरू झाली आणि चहा येईपर्यंत चालली.

तुमचे श्रोते वेगळे असतील, तासभर हाताशी असेल, तर बॉब्रोव्ह जरूर घ्या. फक्त सुरुवातीलाच फळ्यावर तीन काठ्या काढा: आपल्या हॉकीची, बँडीची, आइस हॉकीची. मी काढल्या नव्हत्या.