कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस, सहा महिने चालू ठेवल्यावर

विंडोज १० मध्ये हे रॅन्समवेअरविरोधी (म्हणजे फाइल्स ओलीस धरून खंडणी मागणाऱ्या व्हायरसविरोधी) कुलूप २०१७ पासून फुकटात आहे. मुळात बंद असतं. चालू केलं की डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वगैरेंत अनोळखी प्रोग्रामला लिहिता येत नाही. आणि गेम्सनी बिऱ्हाड थाटलंय नेमकं डॉक्युमेंट्समध्येच! स्कायरिम स्पेशल एडिशन, विचर ३, दोघांचे सेव्ह तिथेच. सायबरपंक २०७७ 'सेव्ह्ड गेम्स'मध्ये सेव्ह करतो, म्हणून सुटतो.

अडवण्याबद्दल तक्रार नाही, ते त्याचं कामच. डोकं फिरतं ते नोटिफिकेशनमुळे. फुलस्क्रीन गेम चालू असताना विंडोज नोटिफिकेशन दाबून ठेवतं. वॉचमनने पाहुण्याला गेटवरून परत पाठवायचं आणि मालकाला सांगायचंच नाही, असली तऱ्हा. गेमही कधी 'सेव्ह फेल' म्हणतो, कधी तेवढंही नाही. मग लोक गेम पुन्हा इन्स्टॉल करत बसतात. पन्नास जीबी डेटा पाण्यात, अडचण जागच्या जागी.

खात्री करायची तर इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडा: ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, विंडोज डिफेंडर, ऑपरेशनल. तिथे ११२३ नंबरची नोंद असेल तर गुन्हेगार हाच. नोंदीत कोणत्या प्रोग्रामला अडवलं तेही लिहिलेलं असतं, ते नीट वाचा. स्कायरिम एसकेएसईच्या (मॉड्ससाठी लागणाऱ्या जोड-प्रोग्रामच्या) लोडरवरून सुरू केला तरी सेव्ह लिहितो स्कायरिमएसई.ईएक्सई. परवानगी लोडरला देऊन उपयोग नाही.

मग विंडोज सिक्युरिटी, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज रॅन्समवेअर प्रोटेक्शन, 'अलाउ ॲन ॲप'. 'रीसेंटली ब्लॉक्ड ॲप्स'मध्ये गेम बहुतेक दिसतोच. अधिकचं चिन्ह दाबा. ॲडमिन अकाउंट लागतं. चालू असलेला गेम बंद करून पुन्हा सुरू करा, परवानगी त्यानंतरच लागू होते. डॉक्युमेंट्सलाच यादीतून काढू म्हणाल तर मूळचे फोल्डर निघत नाहीत.

पहिल्या महिन्यात 'बंदच करून टाका' असा सल्ला दिला असता. आता नाही. दर गेमला एकदाच दोन मिनिटं, पुढे त्रास नाही, आणि विकतच्या अँटीव्हायरसचे पैसे वाचतात. तसा दुसरा अँटीव्हायरस आधीच चालू असेल तर हे कुलूप चालतच नाही; तिथे सेव्ह अडत असतील तर त्याच्याच सेटिंगमध्ये शोधा.

परवानगी मात्र पूर्ण पाथवर, म्हणजे प्रोग्रामच्या ड्राइव्ह-फोल्डरसकट पत्त्यावर, असते. गेम सी ड्राइव्हवरून डी वर हलवलात की पुन्हा तीच वारी.