बी-१ की लमसम? सुरक्षित इमारतीचे टेंडर भरण्याआधी

गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरीकडचा एक तरुण इंजिनिअर परवा दोन टेंडरांच्या प्रती घेऊन घरी आला. कंत्राटदार म्हणून नोंदणी होऊन त्याला चार वर्षे झाली. आजवर शाळाखोल्या, अंगणवाड्या, एक समाजमंदिर एवढीच कामे केलेली. एक टेंडर मतदान यंत्रांच्या गोदामाचे, जिल्ह्याच्या ठिकाणी, बी-१ म्हणजे टक्केवारी दराच्या नमुन्यात. दुसरे पोलीस ठाण्याचे, आत जंगलपट्ट्यात: इमारत, आवारभिंत, टेहळणी मनोरे, सगळे मिळून लमसम, म्हणजे एका ठोक रकमेत. रक्कम जवळपास सारखी. "काका, कोणतं भरू?"

मी दोन्ही प्रकारची कामे केली आहेत, म्हणून त्याला जे सांगितले तेच इथे सविस्तर लिहितो. आपण सगळे आधी दर पाहतो, किती टक्के खाली गेलो तर काम मिळेल याचा हिशेब करतो. पण अशा कडक बंदोबस्ताच्या, सुरक्षित इमारतीत माणूस बुडतो तो दरात नाही. काम बदलले, थांबले किंवा लांबले तर तो खर्च कोणाच्या खात्यात जातो, तिथे बुडतो. दोन टेंडरांतला खरा फरक तोच आहे.

बी-१ मध्ये बाबी, परिमाणे आणि दर विभागाचे असतात. तुम्ही फक्त किती टक्के वर किंवा खाली एवढे सांगता, आणि मोजमाप पुस्तिकेत जे चढेल त्याचे पैसे मिळतात. एखाद्या बाबीचे परिमाण २५ टक्क्यांहून जास्त वाढले तर वाढीव भागाचा दर ठरवायला करारात कलम ३८ आहे. यादीत नसलेली बाब करावी लागली तर ईआयआरएल, म्हणजे जादा बाबींची दरयादी, मंजूर करून घेता येते. वेळ लागतो, कार्यालयाच्या चकरा होतात, पण हक्काचा रस्ता कागदावर असतो. लमसममध्ये नकाशा आणि गरज दिलेली असते, आकडा तुमचा असतो. पाया झाला इतके टक्के, प्लिंथ (जोते) झाली इतके, स्लॅब पडला इतके, असे टप्प्याने पैसे. नकाशात न दिसलेले जमिनीखाली जे निघेल ते बहुधा तुमचे.

आता सुरक्षित इमारतीत बदल हमखास का येतात, ते समजून घ्या. बांधणारा विभाग एक आणि वापरणारा दुसरा असतो. वापरणाऱ्याचे अधिकारी जागेवर येतात तेव्हा भिंती उभ्या झालेल्या असतात. मतदान यंत्रांच्या गोदामाला निवडणूक आयोगाच्या सूचनेप्रमाणे येण्याजाण्याचे दार एकच लागते, बाकीची दारे-खिडक्या बांधकामाने बंद लागतात, आणि दाराला दुहेरी कुलूप. हे वाचायला सोपे आहे. पण झरोका किती उंचीवर, जाळी कोणत्या जाडीची, कॅमेऱ्याची वायर कुठून, हे सगळे भिंत उभी झाल्यावर बोलले जाते.

माझ्या एका स्ट्राँगरूमच्या कामात असेच झाले. स्ट्राँगरूमच्या दारासाठी आयएस १११८८ हे मानक आहे. असे दार बाजारात तयार उचलून आणता येत नाही, ऑर्डर देऊन बनवून घ्यावे लागते. त्याची पोलादी चौकट भिंतीच्या काँक्रीटसोबतच बसवायची असते. चौकट यायला दीड महिना उशीर झाला. दाराची भिंत थांबली, म्हणून स्लॅब थांबला, म्हणून सेंट्रिंगचे भाडे चालू राहिले. चौकट बसल्यावर पाहणीत सांगितले गेले की वरच्या दोन्ही झरोक्यांच्या सळया दुप्पट जाड हव्यात. बसवलेल्या सळया गॅस कटरने कापताना माझ्या मिस्त्रीच्या डोळ्यात पाणी होते, कारण ते काम त्याने फार सुबक केले होते. पण ते टेंडर बी-१ होते. सळयांची बाब ईआयआरएलमध्ये गेली आणि आठ महिन्यांनी का होईना, पैसे आले.

लमसमचा अनुभव वेगळा. आवारभिंतीच्या पायात निम्म्या लांबीला कठीण खडक लागला. नकाशात मुरूम धरलेला होता, मातीचा अहवाल जोडलेलाच नव्हता. सुरुंग लावायची परवानगी त्या जागी मिळणार नव्हती, म्हणून ब्रेकर लावून फोडला. त्या खडकाचा एक रुपया मला मिळाला नाही. मी भांडलो, पण करारात माझीच सही होती.

ठाण्यांची कामे आपल्या भागात का वाढली, तेही माहीत असावे. नक्षलग्रस्त राज्यांत तटबंदीची ४०० पोलीस ठाणी बांधायची केंद्राची योजना २०१०-११ मध्ये आली, प्रत्येक ठाण्याला २ कोटी धरून. अलीकडे पेनगुंडा (२०२४), कवंडे (२०२५) अशी पोलीस मदत केंद्रे चोवीस तासांत उभी केली गेली, ती आणून जोडायच्या सांगाड्यांची. आपल्याला टेंडर मिळते ते पक्क्या काँक्रीटचे, आणि पक्के काँक्रीट चोवीस तासांत होत नाही.

अंतराचा हिशेब तर मी त्याला वहीवर मांडून दाखवला. गडचिरोलीहून भामरागड सुमारे १८० किलोमीटर. सिमेंट गडचांदूरकडून येणार, लोहा नागपूर किंवा चंद्रपूरहून. पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढली की भामरागडचा रस्ता बंद, टिप्पर अलीकडे उभे. मार्च-एप्रिलमध्ये मोह, मग तेंदूपाने, जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी, नोव्हेंबरात धान कापणी. या दिवसांत मजुरी वाढवून दिली तरी गावातला माणूस साइटवर येत नाही, आणि त्याने का यावे? त्याचे वर्षाचे पोट त्यात असते. म्हणजे बारा महिन्यांच्या मुदतीत निवांत काम करायला डिसेंबर ते मार्चचा मध्य एवढाच काळ उरतो. उन्हाळ्यात काँक्रीट केलेच तर कोरड्या-गरम हवेत किमान दहा दिवस पाणी मारा असे आयएस ४५६ हे काँक्रीटचे मानक सांगते. मे महिन्यात टँकर कुठून भरणार? गोदामाच्या टेंडरमध्ये हे प्रश्न नाहीत असे नाही, पण तिथे नळ आहे, रेडीमिक्सचा प्लांट जवळ आहे, आणि एखादा मिस्त्री पळाला तर संध्याकाळपर्यंत दुसरा मिळतो.

सुरक्षेचे म्हणाल तर ठाण्याच्या साइटवर मजुरांची नावे, आधार, चारित्र्य पडताळणी आधी द्यावी लागते. छत्तीसगड-तेलंगणातून टोळी आणायची तर त्यात आठवडे जातात. नकाशे फोनमध्ये फिरवू नका, हे मजुरांनाही बजावून सांगा. २०१९ मध्ये कुरखेड्याजवळ दादापूरला रस्त्याच्या कामावरची वाहने एका रात्रीत जाळली गेली, ती आठवण या भागातल्या प्रत्येक कंत्राटदाराच्या मनात आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता भूपतीने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरणागती दिली, दिवस नक्की बदलले आहेत. तरी यंत्रांचा विमा काढताना दहशतवादी कृत्याचे संरक्षण वेगळे मागून घ्या. कामाचा विमा तर राज्याच्या विमा संचालनालयाकडूनच काढावा लागतो.

कर, उपकर दोन्हीकडे सारखेच: जीएसटी जुलै २०२२ पासून १८ टक्के, कामगार उपकर १ टक्का, आणि गिट्टी-रेतीच्या रॉयल्टीच्या पावत्या जपून ठेवा, नाहीतर बिलातून कापतात. फार खाली जाऊन काम घेतले तर अतिरिक्त परफॉर्मन्स सिक्युरिटी, म्हणजे जादा अनामत, भरावी लागते, तेवढे भांडवल अडकते. २०२५ मध्ये थकीत बिलांसाठी राज्यभर कंत्राटदारांना आंदोलने करावी लागली. म्हणून टेंडर भरण्याआधी त्या कामाचे लेखाशीर्ष (पैसे ज्या सरकारी खात्यातून येणार ते) कोणते आणि यंदा तरतूद किती, हे विचारायला लाजू नका. बी-१ मध्ये निदान झालेल्या मोजमापाचे आरए बिल, म्हणजे चालू कामाचे बिल, लावता येते. लमसममध्ये टप्पा नव्वद टक्के झाला आणि पाऊस लागला, तर ते नव्वद टक्के चार महिने तुमच्याच पैशांनी उभे राहतात.

तिसरा रस्ताही त्याला सुचवला गेला होता: मोठ्या कंत्राटदाराकडून पेटीने, म्हणजे पोटकंत्राटावर, ठाणे घे. मी स्पष्ट नको म्हणालो. जोखीम तीच राहते, आणि अनुभवाचा दाखला दुसऱ्याच्या नावाने निघतो.

माझे मत: त्याने गोदाम भरावे, आणि दार लगेच ऑर्डर करता येईल एवढे पैसे हाताशी ठेवून भरावे. कार्यारंभ आदेश मिळाल्याच्या आठवड्यातच वापरणाऱ्या कार्यालयाकडून झरोके, जाळ्या, कॅमेरे लेखी मागून घ्यावेत. ठाण्याचे टेंडर त्याने सरसकट सोडावे असे मात्र मी म्हणत नाही. एटापल्लीकडे ज्याचे स्वतःचे टिप्पर आहेत, जवळ क्रशर आहे, गावातल्या टोळीशी जुनी ओळख आहे, त्याच्यासाठी माझे उत्तर उलटे असेल. पण त्यालाही मातीचा अहवाल, दोन हिवाळे सामावतील एवढी मुदत आणि सिमेंट-लोह्याच्या भावफरकाचे कलम हवेच.

त्याने शेवटी दोन्ही टेंडरांसाठी प्रश्न लिहून काढले. ठाण्यासाठी तीन: पायात खडक लागला तर दर कोणता, भिंतीची लांबी संयुक्त मोजणीने ठरेल का, टप्पे आणखी लहान करता येतील का. निविदापूर्व बैठकीआधी ते लेखी द्यायचे आहेत. फोनवर कोणी "होऊन जाईल" म्हणाले तर ते धरायचे नाही. पोर्टलवर शुद्धिपत्रक निघाले तरच त्या ठाण्याचा आकडा काढायला आम्ही पुन्हा बसू.